काठावर कोन उभं होतं

फेटिया नाही भेटत वं पोरी. देत नाही असं नाही, हायेच नाही तर देऊ कुठून? तू बस पयले. त्या खाटेकडं नको, तिथं बुढा झोपला हाय उन्हात — इकडं बस, ओट्यावर. बबिता, चहा ठेव वं, किसनरावाची निकिता आली हाय, उमरखेडवरून गाडी चालवत आली — साखर बेतानं टाकजो, नोकरीवाल्या बाया साखरेले भेतात. हां, तर फेटिया, आमचा घागरा. ह्या बबितापाशी, माह्या सुनेपाशी बी नाही, आताच्या पोरी साडी नेसतात नाहीतर डरेस घालतात. अन् तुले तर तोच पायजे, लाल, कवड्यावाला, आरसे लावलेला, माह्या लग्नातला. काहून, तर शाळेतली पोरगी नाटकात मानीबाई होनार हाय. समजलं मले, फोनवर बी सांगतलं होतं तुनं — सव्वीस जानेवारीले नव्या पुलापाशी मंडप, पुलाले बुढ्याचं, रामसिंगचं नाव, शाल, नारळ, अन् मंग शाळेचे पोरं तो पूर करून दाखवनार. निळी साडी दोन्हीकून धरून हालवतीन, ते पानी. एक पोरगं रामसिंग होईन, साडीत उडी मारन, लहानग्या तुले काढाले. अन् मानीबाई झालेली पोरगी काय करन? सांग नं. खाली काय पाहून राह्यली? मी सांगते. बोंबलन. काठावर उभी राहून छाती पिटन — अवो माहा धनी गेला, अवो कोनी तरी वाचवा — अन् धाडकन पडन. तिथं लोक हासतीन. हासतातच. बुढा ते कहानी सांगे तवा बी तिथंच हासत, अन् बुढा मुद्दाम थांबे तिथं, हासाले जागा दे लोकाइले. मंग मिशीवर हात फिरवे अन् पुढं जाय.

पन मले एक सांग, तू तर शिकलेली बाई हायेस. तो फेटिया कुठं गेला, इचारलं का तुनं कदी? वाहून गेला. हाव, पुरात, त्याच दिवशी. आता डोकं लाव. बाई काठावर. बोंबलून राह्यली, चक्कर येऊन पडली. मंग तिच्या अंगावरचा फेटिया नाल्यात वाहून कसा गेला? आजपर्यंत कोनी इचारलं नाही. तुह्या बापानं नाही, तुह्या मायनं — वच्छलाबाईनं — नाही, ज्याइनं शाली घातल्या त्याइनं नाही. मानसानं मारलेली उडी साऱ्याइले दिसते, बाईचा घागरा कोनाले दिसते? तू जुना फेटिया हातात तरी घेतला हाय का कदी? कोरडा असला तरी कंबर धरते. कवड्या, आरसे, शिक्के, कडेले जाड पट्टी. भिजला का दगडाचं पोतं होते. तो नेसून नाल्यात उतरलं का बाई बी गेली अन् लेकरू बी गेलं. म्हनून सोडला. नाडा सोडला, काठच्या पान्यात पाडला, अन् उतरली मी.

हां. मी. — सांडला नं चहा. राहू दे, पूस पदरानं, काही होत नाही.

पाहू नको अशी माह्याकडं. मी खुळी नाही झाली, खुळं झालेला तिकडं झोपला हाय. तू एवढीशी होती तवा, बोबडं बोले. तुले काय याद असन? तू तर भाषनात सांगते, मी आयकलं हाय मोबाईलवर, माह्या पोरानं, राजकुमारनं दाखवलं — ‘मले आजून आठवते, बाबाच्या मिशा माह्या गालाले टोचल्या होत्या.’ टोचल्या असतीन, काठावर आल्यावर. पन पान्यात तुले कोनत्याच मिशा टोचल्या नाही पोरी. ते तुले सांगू सांगू याद आनून देल्लं. आयकत आयकत मोठी झाली, तर तेच तुहं झालं. तुही हनुवटी — दाखव, उन्हाकडं कर — हे खून. बुढा सांगते बाभळीच्या काट्यानं झाली. काट्यानं असं सरळ कापते का? आमी बाया कोपराच्या वरतं बलिया घालो, पांढऱ्या, हाडासारख्या, दंडभर. त्यातली एक बाभळीवर आपटून तुटली, अन् तिची धार तुह्या हनुवटीले लागली, तुले काखेत दाबून धरलं होतं म्हनून. बुढ्यानं जलमात कदी बलिया घातल्या का? मंग.

झालं असं. पानी वरतं पडलं होतं, डोंगराकडं, इकडं तर चांगलं ऊन होतं. नाला एकाएकी फुगला. तुह्या बापाले वाटलं निघून जाऊ, अन् त्यानं बंडी घातली पान्यात. मंधात बैलाचा पाय सरकला, बंडी पलटी झाली. किसनराव बैलाची शेपटी धरून वाहत गेला तो पार वळनाच्या खाली जाऊन निघाला. तू मंधातल्या बाभळीत अटकली. तुहं रडनं आयकू येत होतं आमाले. आमचं वावर तिथंच काठाले, आमी दोघं निंदत होतो, धावत आलो. अन् हा — तवा बुढा नव्हता, पागोटं बांधनारा जवान गडी होता — हा मले म्हनते, काय करू वं मानी, आता काय करू. मले मालूम होतं तो काय करनार हाय. काही नाही. त्याले पोहता येत नाही. ह्या तांड्यात उन्हाळ्यात विहिरी आटत, पोहनं शिकन कुठून? माहं माहेर उमरखेडच्या तिकडचं, पैनगंगेच्या काठचं. आमी पोरी म्हशीची शेपटी धरून पैनगंगा पार करो, इकडून तिकडं, तिकडून इकडं, याडी, माही माय, काठावरून शिव्या दे. हे बी साऱ्या तांड्याले मालूम होतं, बरं. रामसिंगले पोहता येत नाही हे बी मालूम होतं. तरी मानलं लोकाइनं. म्हनले, सेवालाल महाराजानं हात देल्ला. महाराजानं देल्लाच, पन ज्याले देल्ला त्याचं नाव तर नीट सांगा.

तुले घेऊन आली मी. पाय टेकले, पन वरतं कशी येऊ? कंबरेखाली काही नाही. तवा बुढा गुडघ्याइतक्या पान्यात आला, तुले घेतलं माह्या हातातून, अन् आपलं धोतर सोडून माह्याकडं फेकलं. ते एक काम त्यानं चांगलं केलं, मी नाही म्हनत नाही. मी धोतर गुंडाळून धुऱ्याच्या, वावराच्या बांधाच्या मांगं जाऊन बसली, दात वाजत होते. तेवढ्यात तुह्या गावचे लोक धावत आले. आता त्याइले काय दिसलं? रामसिंग उघडाबंब, चड्डीवर, वला, छातीशी लेकरू. अन् त्याची बाई धुऱ्यामांगं, तोंड झाकून, थरथरत. बाबाराव वरडला — तुमच्याच आळीतला, मेला तो मांगच्या साली — रामसिंगनं काढली रे पोरगी. अन् रामसिंग चुप राह्यला. बस. खोटं बोलला नाही तो त्या दिवशी. नुसता चुप राह्यला. लोकाइनं खांद्यावर घेतला त्याले, अन् खांद्यावर चढलेला मानूस आपुन होऊन खाली उतरते का?

घरी आल्यावर सासू म्हने — भुरीबाई, मोठी हुशार बाई — म्हने, पोरी, मानसानं काढली तर बहादुरी होते, बाईनं काढली तर पयले इचारतात फेटिया कुठं सोडला. चुप राह्य. राह्यली मी चुप. काहून नाही राहू? मले कोनता सत्कार पायजे होता? तू जिती होती, माह्या अंगावर धोतर होतं, मले तेवढं बस झालं. तुमी कोर लोक, आमच्या भायेरचे, तुमाले नाही समजत, तांड्यात बाईची अब्रू म्हंजे काय ते. पन मी एवढ्यासाठी चुप राह्यली, अन् बुढ्यानं त्या माह्या चुप राहन्यावर दुमजली बांधली. पयल्या वर्षी ‘उतरलो’ एवढंच म्हने. दुसऱ्या वर्षी त्या बाभळीत नाग आला. मंग त्यानं नागाले हात जोडले. अन् कोनी तरी इचारलं असन, का बापा, तुह्या बाईच्या अंगावर तुहं धोतर कसं होतं, तर झाकाले काही पायजे — मंग मी भेली, मी बोंबलली, मी चिखलात पडली, फेटिया खराब झाला, म्हनून धोतर गुंडाळलं. फेटिया झाकाले त्यानं मले पाडलं. अन् लोक हासले तर त्याले गोडी लागली. शाळेत, लग्नात, आर्नीच्या बाजारात चहाच्या टपरीवर — जिथं मानसं जमली तिथं मी पडलीच.

तांड्यात आमी मानी नावाच्या लय बाया. तर ओळखाले काही पायजे नं? एक लंबी मानी, एक नायकाची मानी, अन् मी बोंबली मानी. आजून म्हनतात. माह्या नातवाले, ओमले, शाळेत इचारलं पोराइनं, बोंबलीचा नातू का रे तू? अन् खरी गोष्ट सांगू — मानसाले जे म्हनत गेलं, ते तो होत जाते. मले भेव लागाले लागलं. साप निघाला का मी मांगं सरो. नाल्याले पानी आलं का मी उंबऱ्याच्या भायेर पाय नाही काढो — मी, पैनगंगेतली मी. राजकुमार लहान होता, एक डाव त्यानं इचारलं, याडी, तू लय भेली होती का वं त्या दिवशी? मी भाकर थापून राह्यलीती. म्हनलं, हाव. पाह्य. माह्याच तोंडानं. त्या दिवशी मी मनात म्हनलं, रामसिंग, हे तुह्याकून मी वसूल करीन. कसं ते मालूम नव्हतं. पन करीन म्हनलं.

अन् देवानं आनून देल्लं हातात. मांगच्या दिवाळीपासून बुढा इसराले लागला. पयले चपला इसरला, मंग वावराचा रस्ता इसरला, मंग पोराचं नाव. एक दिवस सकाळी उठून मले म्हनते, मी कोन व्हय? यवतमाळले नेलं. तिथली डाक्टरीनबाई भली होती, लहानशी, तुह्याएवढी. ते म्हने, आजी, ह्याइले दवाई देते, पन खरी दवाई तुमच्यापाशी हाय. रोज सकाळी ह्याइले ह्याइची कहानी सांगत जा — नाव, गाव, पोरंबाळं, काय केलं, काय भोगलं. मानूस म्हंजे काय वो, म्हने, आपली कहानी याद असते तवर तो तो असते. कहानी गेली का हातपाय उरतात नुसते. मी तिले म्हनलं, तुमी काही काळजी करू नका बाई. मी सांगीन. एकही सकाळ सुटू देनार नाही. तिले वाटलं किती मायाळू म्हातारी हाय.

सांगतलं. दुसऱ्याच दिवशी, अंगनात बसवून, तोंड धुवून देऊन. तुमचं नाव रामसिंग, हा आपला तांडा, हे तुमची सून. सारं खरं खरं. अन् मंग पूर सांगतला. अन् म्हनलं, तुमी काठावर उभे होते. तो म्हने, मी? म्हनलं, हाव. पोरगी रडत होती, तुमी उभे होते. काहून उभा होतो? — भेले होते म्हनून. मंग लोकाइले काय सांगतलं मी? — ‘मी उतरलो’ म्हनून सांगतलं तुमी, अन् बाईले बोंबली केलं. तर पोरी, बुढा रडला. तोंडावर टॉवेल घेऊन लेकरावानी रडला. अन् मी तिथंच बसून चहा पेली. इतका गोड चहा मी जलमात पेली नव्हती. दुपार झाली, तो सारं इसरला. सकाळी सांगतलेलं दुपारपर्यंत पुरते त्याले, मंग पाटी कोरी. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगतलं, अन् तो पुन्हा रडला, पयल्यांदाच आयकल्यासारखा. त्याच्यासाठी रोज पयल्यांदाच असते नं ते. मले इतके वर्स टोचत राह्यलं, त्याले रोज नव्यानं टोचते. कोनत्या कोर्टात भेटली असती अशी सजा?

वाईट वाटते तुले? वाटू दे. मी खोटं सांगून राह्यली का? त्यानं खोटं सांगतलं तवा टाळ्या वाजवल्या तुमी, मी खरं सांगते तर मी कसाई. अन् आयक, आमी घरी गोरबोलीतच, आमच्या बंजारा बोलीतच बोलतो, पन ते पुराची गोष्ट मी त्याले मराठीतूनच सांगते. काहून? कारन त्यानं ते खोटं मराठीतूनच वाढवलं, गावात, शाळेत, तुमच्यासमोर. जिथं रोग तिथंच डाग द्यावा लागते. अन् दुसरं असं का माईकवर मराठीच बोलावं लागन त्याले. हां, आता समजलं तुले? म्हनून म्हनते, तुनं तो कार्यक्रम संध्याकाळी ठेवला तो बदल. पाव्हने आर्नीवरून येनार असतीन तर लवकर उठतीन. सकाळीच ठेव, झेंडा झाल्याबरोबर. मी त्याले तयार करून आनते, धोतर, पागोटं, सारं. तू शाल घाल, नारळ दे, अन् माईक त्याच्या हातात दे, म्हन, बाबा, सांगा त्या दिवशी काय झालं. अन् साऱ्या गावासमोर, साऱ्या तांड्यासमोर, तो आपल्या तोंडानं सांगन — मी काठावर उभा होतो. मी मंडपात पयल्या रांगेत बसीन. मले काही बोलाचं नाही. मले फक्त ते तोंडं पाहाचे हायेत, जे हासत होते.

नाही वं, असं नाही का तो नुसता रडते. रडून झालं का इचारते, मंग उतरलं कोन? मी म्हनते, मी उतरली. तर तो माह्याकडं पाहते. असं — कसं सांगू — हात धरते, उलटा करून पाहते, दंडावर जुन्या बलियाच्या खुना हायेत त्या पाहते, अन् म्हनते, तू उतरली? मोठी हिंमतवाली बाई व्हय वं तू. रोज म्हनते. लग्नाले इतके वर्स झाले, ह्या मानसानं माह्या तोंडाकडं असं कदी पाह्यलं नव्हतं. पाहन कसा, माह्याकडं पाह्यलं का त्याले नाला दिसे. आता त्याले काही मालूम नाही, तर पाहते. अन् मंग मी सारं पुन्हा सांगते, पानी कसं थंडगार होतं, फेटिया कसा सोडला, बाभळीचे काटे — लांबवत लांबवत सांगते, अन् तो आयकते… ते राहू दे. त्याच्यासाठी नाही सांगत मी. बदला म्हनून सांगते. तू उगीच डोळ्यात पानी आनू नको, मले नाही आवडत.

उठला वाटते. हो नं, उठलाच. या, बसा इकडं. हळू. पाह्य, झोप झाली का कसा चेहरा निवळते त्याचा. ही पाहा कोन आली — निकिता, किसनरावाची पोरगी. नाव नाही राह्यत त्याच्या ध्यानात, तू मनावर घेऊ नको. पानी पेता? बरं, मंग प्या. आता ह्या पोरीले सांगा, आज सकाळी आपुन काय बोललो ते. आजून दुपार नाही झाली, हाय तुमच्या ध्यानात. नाल्याले पूर आलता. लेकरू बाभळीत अटकलं होतं. हां, बरोबर. मंग काय झालं, सांगा — निकिता, तू आता आयक, तुह्या कानानं आयक, म्हंजे मंडपात काय होनार ते समजन तुले.

काय म्हनलं?

उतरली नाही. ‘उतरली’ मी म्हनते. तुमी उभे होते. म्हना, मी उभा होतो. — गडबडते कदी कदी, झोपेतून उठला नं. पुन्हा सांगा, सावकाश. लेकरू रडत होतं, मंग तुमी काय केलं?

आयकलं का तुनं? ‘मी फेटिया सोडला.’ मी फेटिया सोडला म्हनते, मी उतरली, पानी थंडगार होतं, बलिया तुटली माही. बबिता, हासू नको. हासू नको म्हनलं नं, इथून जाय, चूल पाह्य. — हे कवा शिकला हा? मी रोज सकाळी सांगते, मी उतरली, मी उतरली, अन् ह्यानं ते जसंच्या तसं उचललं. शेवटच्या अक्षरासकट. माह्या बाईपनासकट उचललं. मिशीवाला मानूस अन् उतरली म्हनते. अन् तोंड पाह्य त्याचं. खोटं बोलनाऱ्याचं तोंड नाही ते, मले त्याचं खोट्याचं तोंड चांगलं मालूम हाय, तवा मिशीवर हात जाये. आता हात दंडावर हाय, पाह्य, कोपराच्या वरतं, जिथं माही बलिया होती. त्याले दिसून राह्यलं सारं. माह्या अंगाले लागलेलं पानी त्याले थंड लागून राह्यलं.

थांबा. तुमी उतरले म्हनता नं? मंग मले सांगा, काठावर कोन उभं होतं?

मोठ्यानं बोला, ह्या पोरीले आयकू येऊ द्या.

…‘एक मानूस होता. लय भेला होता बिचारा. त्यानं मले धोतर देल्लं. मी त्याले माफ केलं.’

कोनं माफ केलं? कवा केलं मी? मी नाही केलं. तुमी कोन माफ करनारे? — सोड माहा हात निकिता, मी काही करत नाही त्याले, मारत नाही मी. पन आयकलं नं तुनं? पयले माहं काम घेतलं ह्यानं. मंग माहं नाव घेतलं, बोंबली देल्लं त्याच्या जाग्यावर. एक गोष्ट उरली होती माह्यापाशी, एकच, जे मी इतके वर्स मुठीत दाबून ठेवली, मरताना बी देनार नव्हती — ते बी ह्यानं घेतली, अन् आपली आपल्यालेच देऊन टाकली. अन् ह्याले मालूम बी नाही का ह्यानं काही घेतलं. कशी भांडू मी ह्याच्याशी? कोनाशी भांडू? अन् पाह्य आता, मले इचारते. ‘तू कोन व्हय बाई?’

मी?

…

बसा तुमी. पानी प्या. सांगते. आता नाही, उद्या सकाळी सांगते.

नाही पोरी, तसं मंडपात नाही बोलू देनार मी त्याले. उतरली म्हनन, फेटिया सोडला म्हनन, अन् सारा मंडप हासून लोळन. इतके वर्स माह्या नावानं खोटं सांगतलं अन् लोक हासले, ते मी सहन केलं. माह्या खऱ्यावर हासलेलं मी नाही सहन करनार. उद्या सकाळी मी त्याले जुनंच सांगीन. तुमी उतरले. तुमी बहादूर. बाभळीत नाग होता, त्याले तुमी हात जोडले. अन् तुमची बाई काठावर बोंबलत होती. रोज सांगीन, सव्वीस तारखेपर्यंत उतरलो म्हनाले लागन तो, बरोबर मानसासारखं. घेऊ दे त्याले त्याचं खोटं, फुगू दे छाती. त्याचं खोटं त्याले वापस देल्ल्याशिवाय माहं खरं मले वापस भेटत नाही, दुसरा रस्ता ठेवलाच नाही ह्यानं. हाव, मंग सकाळी हात धरून पाहनार नाही तो माह्याकडं. नको पाहू. नाही पाह्यलं तवा बी जगलीच नं मी.

अन् तू कोनाले सांगू नको. दोन डाव सांगशीन, तिसऱ्या डावाले ते तुही कहानी होईन, मले मालूम झालं आता. तुह्या हनुवटीवर हाय तेवढं तुहं, ते ठेव. कार्यक्रम सकाळी ठेव का संध्याकाळी, मले काही घेनं नाही. ऊठ आता, उशीर होईन तुले, आर्नीपर्यंत रस्ता खराब हाय. फेटिया तांड्यातल्या रामीबाईच्या पेटीत असन, लाल नाही, हिरवा हाय, पन कोनाले काय समजते. सांगजो, मानीनं पाठवलं म्हनून. अन् ते मानीबाई होनारी पोरगी — तिले म्हन, लाजू नको. चांगली जोरात बोंबल.